लॉन्झो बघत होता तरी काय

तर तो मोठा गायक आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि लॉन्झोनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, इथवर काल आलो होतो. मग आमच्या बायकोनं, वर्नानं, जेवायला हाक मारली आणि पुढचं राहून गेलं.

नॅशव्हिलच्या त्या नाट्यगृहाच्या मागच्या दारी आम्ही सगळे सहीसाठी कागद सरसावून उभे. गायक मोटारीतून उतरला तशी एकच झुंबड उडाली. आमची वर्ना चर्चमध्ये 'आमेन'सुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणते. ती दोन धिप्पाड बायकांना कोपरानं बाजूला सारून पार पुढं पोचली. लॉन्झो मात्र उलट्या दिशेनं पळत होता. गायकाच्या बराच मागून एक गडी गिटारीची पेटी घेऊन येत होता, त्याला त्यानं गाठलं. गड्याला आधी वाटलं, चोर आहे. मग लॉन्झोचा चेहरा नीट बघितल्यावर वाटलं, वेडा आहे. वेड्याशी वाद नको म्हणून त्यानं पेटीचं झाकण उघडून दाखवलं, आणि लॉन्झोनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

परतीच्या वाटेवर वर्ना सहीचा कागद पुन्हा पुन्हा काढून बघत होती. लॉन्झोनं विचारलं, कुणाची सही? तिनं नाव सांगितलं. तो म्हणाला, "नावावरून नाही कळायचं, वहिनी. वाजवतो काय?"

वर्ना म्हणाली की अहो, आत्ता ज्याची पेटी तुम्ही उघडायला लावलीत, तोच तो. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. "अस्सं. ज्याच्या गिटारीची मान एकदा मोडून परत बसवलीय, तो. चांगला माणूस असणार. मोडली म्हणून टाकून नाही दिली."

मग आमचा डोंगर येईपर्यंत एकच विषय. रेकॉर्डच्या पाकिटावर त्या गायकानं जी गिटार धरलीय ती ही नव्हेच. ती फोटोपुरती कुणाची तरी मागून आणलेली, आणि ही खरी. शेजारच्या घरातलं लफडं कळावं तसा खुशीत होता लॉन्झो.

लॉन्झो स्टिडम म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर. उंच, वाळक्या शेंगेसारखा, लग्न न झालेला. आई होती तोवर तिनं सांभाळला, पुढं त्याचा तोच. बाकी माणूस सरळ, पण जुनं वाद्य दिसलं की संपलं. एकदा सकाळी वरच्या फाट्यावर त्यानं पोरांनी भरलेली बस मध्येच थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून एका ओसरीसमोर उभा राहिला. ओसरीवर एक म्हातारा बँजो वाजवत होता. शाळेत बस पोचली तेव्हा गणिताचा तास उलटून गेलेला. हेडमास्तरांनी झाडलं, तर याचं उत्तर काय, की साहेब, त्या बँजोला अजून मांजराचं कातडं आहे. पावसाळी हवेत ते ढिलं पडून कसं बोलतं, ते वाकून वाकून हेडमास्तरांनाच समजवायला लागला. पोरं हुशार. पुढं वर्षभर ज्या दिवशी गणिताची परीक्षा असेल त्या दिवशी बसच्या खिडक्यांतून ओरड सुरू व्हायची, "लॉन्झोकाका, त्या घरात बँजो वाजला हो, जुना वाटतोय."

माणसं त्याच्या लक्षात राहायची नाहीत. वाद्यं राहायची. मी एकदा सांगितलं, अरे, थेरॉन गेला. म्हणाला, कोणता थेरॉन? मी म्हटलं, लेका, तुझ्याबरोबर शाळेत होता, तुझा चुलतभाऊ लागतो. तरी तोंड कोरं. शेवटी मी म्हटलं, ज्याच्या फिडलच्या पोटात सापाचा खुळखुळा होता तो. तेव्हा मटकन खाली बसला. आमच्याकडचे जुने वाजवणारे फिडलच्या आत खुळखुळ्या सापाच्या शेपटीचं टोक टाकून ठेवतात. उंदीर फिरकत नाहीत आणि आवाज गोड होतो म्हणतात. मयताला लॉन्झो सगळ्यांत पुढं होता. विधवेचं सांत्वनही केलं बिचाऱ्यानं, पण खुळखुळा काढू नका म्हणून तिला दोनदा बजावलंसुद्धा.

शनिवारी टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम लागला की आमच्याकडे येऊन काचेला नाक लावून बसायचा. गायक गाणं म्हणतोय, वर्ना डोळे पुसतेय, आणि हा म्हणतोय, "खुंट्या बदलल्यात. मूळच्या नाहीत." वर्नानं एकदा त्याला बाहेर ओसरीवर बसवून खिडकीतून बघायला लावलं. तिथूनही ओळखायचा.

आता खरी गोष्ट.

आमची जुनी एका खोलीची शाळा, जिथं मी आणि लॉन्झो जे काय शिकलो ते शिकलो, ती बंद झाल्यावर तिथं शनिवारी दुपारी वाजवायची बैठक सुरू झाली. ज्याला येतं त्यानं वाजवावं, ज्याला येत नाही त्यानं ऐकावं, बायकांनी सफरचंद भरलेल्या करंज्या तळून आणाव्यात. तिथं ऑर्फा गिली यायची. शाळेच्या भटारखान्यात पोरांना वाढणारी, विधवा, खमकी बाई. तिच्या बापाची गिटार तिच्याकडे होती. बाप खाणीतून आला की हात न धुता वाजवायचा म्हणे; त्यामुळं गिटारीचा रंग लोखंडी तव्यासारखा झालेला, नखांनी लाकूड खरवडून खळगा पडलेला, एका बाजूला चीर जाऊन ती सरसानं चिकटवलेली. आम्हाला ती गिटार म्हणजे एक जुनं खोकं. पण तिच्या कडेनं, काजळीखाली, माशाच्या काट्यासारखी बारीक नक्षी होती, आणि तसली नक्षी घालणं गिटारीच्या कारखान्यानं दुसऱ्या महायुद्धानंतर सोडून दिलं होतं. लॉन्झोनं पहिल्याच शनिवारी टोपी काढली. दुसऱ्या शनिवारपासून पहिल्या बाकावर ठरलेली जागा धरली आणि वर्षानुवर्षं तिथून हलला नाही.

गिटार नेमकी कोणत्या सालची ते आतल्या लाकडावर ठोकलेल्या आकड्यावरून कळतं. त्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला चिमुकला आरसा तो कायम खिशात बाळगायचा. पण आमच्या डोंगरात कुणाच्या वाद्याच्या पोटात डोकावणं म्हणजे घोड्याचे दात बघणं. तुम्ही गिऱ्हाईक आहात असाच त्याचा अर्थ. बापाची आठवण म्हणून सांभाळलेली गिटार एका विधवेला विक म्हणायचं? ते लॉन्झोला जमणारं नव्हतं. म्हणून तो नुसता बघायचा. एकटक. गाणं सुरू होण्याआधीपासून करंज्या संपेपर्यंत.

आता तुम्ही सांगा, अशा बघण्याचा लोकांनी काय अर्थ घ्यावा?

अख्ख्या खोऱ्यानं घेतला. ऑर्फानंही घेतला. ती शुक्रवारी केस बसवून घ्यायला लागली. निळा ब्लाउज आला, मग कानात मोती आले. शेजारच्या खोऱ्यातल्या पेंडीच्या दुकानदारानं, चांगल्या खात्यापित्या विधुरानं, तिला मागणी घातली, तर तिनं त्याला नाही सांगून परत पाठवलं. कुणासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं. फक्त एकाला नव्हतं. बिचारा भटारखान्यात रोज तिच्यासमोर थाळी धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "घेवडा बरा झालाय." एवढंच. तिथं तिच्या मांडीवर गिटार नसायची ना.

गिटार मांडीवर असते आणि लॉन्झोची नजर तिथंच खिळलेली, हे पाद्रीबुवांना बरं दिसेना. त्यांनी त्याला एकदा बाजूला घेऊन विचारलं की बाबा रे, तुझा हेतू तरी काय आहे. लॉन्झो म्हणाला, कड बघतोय. पाद्रीबुवा दोन दिवस त्या वाक्यावर विचार करत होते, असं त्यांच्या बायकोनं वर्नाला सांगितलं.

आणि एका शनिवारी घात झाला. मी पोचलो तेव्हा ऑर्फा आधीच येऊन बसली होती. केस, मोती, निळा ब्लाउज, सगळं. आणि मांडीवर कोरी करकरीत गिटार. मधून पिवळी, कडेनं लालभडक, चिरलेल्या पीचसारखी, मानेवर खोट्या शिंपल्याची फुलं. बायका म्हणाल्या, किती शोभते गं तुला. ती लाजली. या वयात बाई लाजली की फार गोड दिसते, पण ते असो. तिला वाटलं होतं की हा माणूस वर्षानुवर्षं आपल्यासमोर बसतो, तो बोलत कसा नाही, तर आपल्या हातातल्या त्या काळ्या खोक्याची त्याला शिसारी येत असेल. म्हणून ती तालुक्याच्या गावी पर्विस क्लेव्हिंजरच्या दुकानात गेली आणि बापाची गिटार देऊन ही घेऊन आली. सरळ अदलाबदल.

लॉन्झो आत आला, जागेवर बसला, वर बघितलं. माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग एवढा भरकन उतरलेला मी फक्त अपघाताच्या दिवशी खाणीच्या तोंडाशी पाहिलाय. ऑर्फानं तारा जुळवल्या, हात उचलला, आणि लॉन्झोनं बाकावरून झेप घेऊन तिचा हात तारांवर तसाच दाबून धरला.

 विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वाद्याला हात लावणं आमच्यात शिवी देण्यासारखं, आणि भर बैठकीत बाईचा हात धरणं म्हणजे तर दुसरंच काही. पाद्रीबुवा उठून उभे राहिले. वर्नानं रुमाल काढला. सगळे मनातल्या मनात म्हणत होते, बोल लेका, आता तरी बोल.

लॉन्झो बोलला. "वाजवू नका. जुनी कुठाय?"

इथं आमचा एक रिवाज सांगायला हवा. खेचराची अदलाबदल झाली तर नव्या धन्याकडं त्यानं नांगराची एक सरी ओढेपर्यंत सौदा कच्चा. वाद्याचं तसंच. सौद्याबाहेरच्या चार माणसांत बसून अख्खं एक गाणं वाजलं की सौदा पक्का. तोवर दोघांपैकी कुणीही मोडू शकतं. लॉन्झोनं म्हणून हात धरला होता. हे माझ्या ध्यानात आलं, आणि माझ्या आधी ऑर्फाच्या आलं. तिच्या चेहऱ्यावरचं ते लाजणं कुठल्या कुठं गेलं. तिनं हात सोडवून घेतला, कोट चढवला, नवी गिटार पेटीत घातली आणि मला म्हणाली, "तुमची गाडी काढा." मग लॉन्झोकडं न बघता, "बापाची होती म्हणून आणायला चाललेय. कुणासाठी नाही."

माझ्या छोट्या ट्रकला पुढं एकच सलग बैठक. मी, मध्ये ऑर्फा, पलीकडं लॉन्झो. तालुक्याच्या गावापर्यंत बोलणं झालं ते माझंच. मी एकदा म्हटलं की यंदा तंबाखू बरा वाळलाय. 

दुकानासमोर थांबल्यावर मी लॉन्झोला म्हटलं, तू गाडीतच बस. कारण त्याची टोपी. पर्विस क्लेव्हिंजरचं दुकान अर्धं बंदुकांचं, अर्धं वाद्यांचं, आणि त्याला स्वतःला वाद्यांतलं फारसं कळत नसे. पण लॉन्झोनं कशासमोर टोपी काढली की ते वाद्य भारी, एवढं त्याला पक्कं कळायचं. त्याच्या निम्म्या दुकानाचे भाव लॉन्झोच्या टोपीवर ठरलेले. लॉन्झो म्हणाला, मी येणारच, पण बघणार नाही. आणि आला तो दोन्ही हातांनी टोपी कानांपर्यंत दाबून, भिंतीवर टांगलेल्या त्या गिटारीकडं पाठ करून, एका रिकाम्या पोत्याकडं टक लावून उभा राहिला.

शेगडीभोवती तीन रिकामटेकडे बसले होते. ऑर्फानं नवी गिटार फळीवर ठेवली आणि सौदा मोडते म्हणाली. चार माणसांत वाजलेली नाही, साक्षीला पाहिजे तर पाद्रीबुवांना विचार. पर्विस 'घेऊन जा' म्हणायच्या बेतात होता. तेवढ्यात त्याचं लक्ष लॉन्झोकडं गेलं.

"लॉन्झोभाऊ," तो म्हणाला, "तीस वर्षं येताय माझ्या दुकानात. गिटारीकडं पाठ केलेली आज पहिल्यांदा बघतोय."

लॉन्झो म्हणाला की मान आखडलीय. पण बोलताना त्याचे कान टोमॅटोसारखे लाल झाले, आणि पर्विसनं फळीमागून हात लांब करून जुनी गिटार खाली काढली. म्हणाला, रिवाज दोन्हीकडून असतो. तुमच्याकडची वाजली नाही, कबूल. माझ्याकडची इथं वाजली की सौदा पक्का. तीन हे बसलेत, चौथे हे गाडीवाले. आणि एक पाय स्टुलावर ठेवून त्यानं गिटार मांडीवर घेतली.

 लॉन्झोनं टोपी आणखी खाली ओढली. ऑर्फा मात्र शांत. तिनं एक खुर्ची ओढली आणि बसली.

"वाजव की," ती म्हणाली. "पण अख्खं गाणं हं, पर्विस. आणि तुला येतं एकच."

ते एक कोणतं, ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. नदीत बुडवून मारलेल्या पोरीचं. मूळचंच लांब, त्यात पर्विसनं स्वतःची कडवी जोडलेली, आणि गायचा नाकातून. पोर नदीकाठी पोचेपर्यंत दिवस कलतो आणि बुडायला तर ती काही केल्या तयारच होत नाही. शेगडीपाशी चुळबुळ सुरू झाली. पर्विसनं पहिली ओळ उचलली तशी एकाला गाय दोहायची आठवण झाली. पोर घरातून निघाली तेवढ्यात दुसऱ्यानं धुराड्याचं कायसं कारण सांगितलं. तिसऱ्याला काहीच आठवलं नाही. तो नुसताच उठून गेला. पर्विस गाता गाताच मला डोळ्यांनी विनवत होता, तुम्ही तरी बसा. मी शेजारधर्माला फार मानतो, पण त्या दिवशी मी ओसरीवर जाऊन दार लोटून घेतलं. काचेतून दिसत होतं. त्याचं तोंड आणखी थोडा वेळ हललं, मग थांबलं.

ऑर्फा बाहेर आली ती बापाची गिटार छातीशी धरून. मागून लॉन्झो, टोपी अजून दाबलेलीच. दारातून पर्विस म्हणाला की बाई, गाणं ऐकायला माणसं उरली नाहीत म्हणून सौदा मोडल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. ऑर्फा म्हणाली, तू ऐकवलंस म्हणून झालं.

गाडीत पुन्हा तसेच बसलो, फक्त आता मध्ये ऑर्फाच्या मांडीवर गिटार होती, लॉन्झोपासून वीतभर अंतरावर. एवढ्या जवळ ती त्यानं कधीच बघितली नव्हती. टोपी कधी काढली त्याचं त्यालाच कळलं नाही. नदीवरचा पूल ओलांडला आणि त्याचा हात हळूच खिशात गेला. आरसा बाहेर आला.

"बाई," तो म्हणाला, "आता तुम्ही परवानगी दिलीत तर, विकत घ्यायला नव्हे, नुसता आकडा..."

ऑर्फानं गिटारीच्या भोकावर तळहात ठेवला. मला म्हणाली, गाडी बाजूला घ्या. मी घेतली. इंजिनही बंद केलं. असल्या वेळी ऐकू आलेलं बरं. तिचे बसवलेले केस एव्हाना विस्कटले होते, एका कानातला मोती कुठंतरी पडला होता. पेंडवाल्याचं तर गेल्याच महिन्यात दुसरीकडं जमलं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"आत बघायचं तर आधी उत्तर द्या," ती म्हणाली. "आणि ह्यांच्यादेखत द्या, म्हणजे उद्या फिरवता यायचं नाही. इतकी वर्षं दर शनिवारी पहिल्या बाकावर बसलात. काय बघत होता? मला, की हिला?"

मी मनातल्या मनात म्हटलं, लॉन्झो, तुझ्या आईची शपथ, आयुष्यात एकदा खोटं बोल. तो आरशाकडं बघत होता, मग तिच्या तळहाताकडं, मग पहिल्यांदाच, माझ्या आठवणीत तरी पहिल्यांदाच, तिच्या तोंडाकडं. आणि म्हणाला:

"गिटार. खोटं कशाला बोलू, गिटारच बघत होतो. पण मागं हिवाळ्यात तुम्ही तापानं पडला होता आणि तुमचा भाऊ हीच गिटार घेऊन येऊन बसला होता ना, तेव्हा मी दुसऱ्याच गाण्याला उठून घरी गेलो. गिटार हीच, तारा ह्याच, आणि राग मानू नका, भाऊ वाजवतो तुमच्यापेक्षा चांगला. मग मी उठलो कशाला, याचा तेव्हापासून विचार करतोय आणि मला काही केल्या कळत नाही. तुम्हाला कळलं असेल तर तुम्हीच सांगा, बाई. आकडा मग बघू."